ढाळबाई आणि राजाची मोरी

तुमच्या गावाजवळच्या गडावर जो राजा राहत होता, त्याच्या आंघोळीचं पाणी कुठून बाहेर पडायचं, सांगता येईल?

हसू नका. तुम्ही त्या गडावर गेला असाल. दरवाजात उभं राहून घोषणा दिली असेल, तटावर पाय रोवून फोटो काढला असेल. राजाच्या लढाया तोंडपाठ असतील. पण त्याची मोरी कुठे होती असं कुणी विचारलं, तर तुम्हाला तो राजाचा अपमान वाटेल. मलाही वाटला होता. मी तेव्हा नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात स्थापत्याची पदविका करत होतो. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हा प्रश्न मला थोरात मॅडमनी विचारला, आणि त्यानंतर कुठल्याही गडावर मला स्वस्थ उभं राहता आलेलं नाही.

आम्ही त्यांना तोंडावर मॅडम म्हणायचो आणि पाठीमागे ढाळबाई. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला, गच्चीला जो उतार देतात तो ढाळ. इमारतीत त्यांना दुसरं काही दिसायचंच नाही. पहिल्याच तासाला त्या वर्गात आल्या, हजेरी घेतली नाही, नाव सांगितलं नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि वर्गाच्या मधोमध निम्मी ओतली. आम्ही पाय वर घेतले. पाणी क्षणभर थबकलं, मग निघालं ते दाराबाहेर, तिथून वळून थेट प्राचार्यांच्या खोलीत.

"इमारत नवी आहे," मॅडम म्हणाल्या, "पण बांधणाऱ्याची सवय जुनी. पाणी नेहमी साहेबाकडे."

शिपाई फडकं घेऊन धावत आला. मॅडम त्याला म्हणाल्या, "पुसू नका हो मामा, साहेबांना एकदा बघू तर द्या."

त्या मखमलाबादच्या. घरचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. लहानपणापासून हातात फावडं घेऊन पाटाचं पाणी या सरीतून त्या सरीत वळवत आलेल्या. त्यांच्या डोळ्यांना जमिनीचा उतार आधी दिसायचा, माणसं नंतर. लग्न केलं नव्हतं. एकदा आम्ही काही मुलं त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांच्या आई ओट्यावर झेंडूच्या टोपल्या भरत बसल्या होत्या. मॅडम चहा पीत अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. त्या चहा कधी बसून प्यायच्याच नाहीत. आई आम्हाला म्हणाल्या, "पोरांनो, तुमच्या कॉलेजात एखादं चांगलं गटार असेल तर सांगा. हिचं लावून देते त्याच्याशी."

"वासाचं नको हं आई," मॅडम फिरता फिरताच म्हणाल्या.

खरंच त्या कुठे बसत नसत. वर्गात खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नात त्या अक्षता टाकून गायब झाल्या. शोधलं तर मंगल कार्यालयाच्या मागे, पदर खोचून, आचाऱ्याला सांगत होत्या की खरकट्याचं पाणी विहिरीकडे चाललंय. बोलतानाही तसंच. एक वाक्य अर्धं सोडून दुसरं धरायचं. प्रश्न विचारायचा आणि उत्तर कळलं की पुढे. समोरच्याला कळलं का, हे बघायला थांबायचं नाही. हा त्यांचा एक दोष म्हणा. त्याचं पुढे काय झालं, तेच मला सांगायचं आहे.

मला त्या 'पत्रक' म्हणायच्या. माझे वडील सातपूरच्या कारखान्यात कामाला होते, युनियनचे होते. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला सतरंजी कमी पडायची, पण पत्रकांचे गठ्ठे कमी पडत नसत. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवर. त्यामुळे माझ्या निबंधातसुद्धा 'जाहीर निषेध' यायचा. मॅडम वही परत देताना म्हणायच्या, "काय पत्रक, आज कुणाला सोडलं?"

दरवर्षी उन्हाळ्यात, परीक्षेआधी, त्या एका तुकडीला गड दाखवायला न्यायच्या. कॉलेजची सहल नव्हे. ज्याला यायचं त्याने पहाटे नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहायचं, मिळेल त्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं. देवळ्याला चहा. तिथे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग ओलांडून पुढे सटाण्याकडे. आमचा गड बागलाणात होता. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण शेवटी सांगतो. मोठा, राजगादीचा गड. मराठ्यांच्या आणि मोगलांच्याही आधी तिथे बागलाणचे राजे नांदत होते. सुरतेहून दख्खनला जाणारा माल याच डोंगरांच्या पायथ्यावरून जायचा.

गडाचा मुख्य दरवाजा सरळ दिसत नाही. वाट बुरुजाला वळसा घालून येते आणि अगदी अंगावर आल्यावर दरवाजा समोर उभा राहतो. आत शिरलं की दोन्ही हातांना पहारेकऱ्यांच्या देवड्या, त्यापुढे एक खोलगट चौक, आणि चौकाच्या वर पायऱ्या चढून राजवाड्याचं जोतं. वाडा आता नाही. जोतं आहे, खांबांच्या बैठका आहेत, एका कोपऱ्यात न्हाणीचा गुळगुळीत दगड आहे.

आमच्यातला एक जण जोत्यावर चढून घोषणा देऊ लागला. मॅडमनी त्याला पुरी करू दिली. मग म्हणाल्या, "झालं? आता सांग, राजा आंघोळ करायचा ते पाणी कुठे जायचं?"

"मॅडम, राजाचं काय विचारता असं?"

"का? तो आंघोळ करत नव्हता? अरे, तलवार कुणीही उचलतो. डोंगराच्या माथ्यावर शेकडो माणसं, घोडी, हत्ती, चार महिने धो धो पाऊस, आणि भिंत उभी राहिली पाहिजे. राजाची अक्कल बघायची तर त्याची मोरी बघा."

आणि त्यांनी बाटली ओतली. पुढचा तासभर आम्ही, एरवी छाती काढून चालणारी पोरं, ओणवी होऊन पाण्यामागे धावत होतो. न्हाणीच्या दगडाला एक बारीक खाच होती. खाचेतून पाणी दगडी पन्हळीत, पन्हळीतून पायऱ्यांच्या कडेने चौकात. चौक खोलगट का, ते तेव्हा कळलं. वरच्या सगळ्या सपाटीचं पाणी तिथे गोळा व्हायचं आणि देवडीच्या खालच्या एका फटीतून आत शिरायचं. मॅडमची बाटली संपली. त्यांनी आमच्या बाटल्या मागितल्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं. ऊन मी म्हणत होतं.

"टाक्यात पाणी आहे, मरत नाही तुम्ही," म्हणत त्यांनी सगळ्यांच्या बाटल्या त्या फटीत रिकाम्या केल्या आणि धावत दरवाजाबाहेर गेल्या. मी मागोमाग. त्या बुरुजाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही हात दगडावर टेकले. तिथे मुठीएवढं भोक होतं, कोरडं ठाक. थोड्या वेळाने त्यातून पाण्याची धार आली.

"आलं!" मॅडम लहान मुलीसारख्या ओरडल्या. "पत्रक, आलं बघ! अख्ख्या भिंतीच्या पोटातून आलं! इतक्या वर्षांनी!"

तिथे एक बाई शेळ्या चारत होती. मथुराबाई तिचं नाव, पायथ्याच्या गावातली. ती काठी टेकून जवळ आली. तिने आधी पाणी बघितलं, मग गुडघ्यांवर बसलेल्या मॅडमकडे.

"काय वं माय, हाई कसाना देव शे?"

"देव नाही मावशी, पाणी आहे."

"उन्हायामा दगडमाईन पानी?"

मॅडम उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांना पलीकडच्या बुरुजाची आठवण झाली. "तिकडेही असणार! चल रे!" आणि त्या उठून पळाल्या. मथुराबाई तिथेच उभी राहिली. मी मागे वळून बघितलं तेव्हा तिने धारेखाली ओंजळ धरली होती आणि ते पाणी डोळ्यांना लावत होती.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तर भोकाच्या भोवती हळदकुंकू. मॅडम हसल्या. "बघा, निचऱ्याची पूजा करणारं एकच गाव असेल महाराष्ट्रात," म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. खरं तर त्या वर्षी दोन वाक्यांत निस्तरलं असतं.

मग माझी पदविका झाली, नोकरी लागली, सुटली. मी लिहायला लागलो. नवं शतक आलं. गडांचे दिवस पालटले. गावोगावी तरुणांचे गट झाले. रविवारी घमेली-फावडी घेऊन गडावर जायचं, निवडुंग काढायचा, टाकी उपसायची. चांगलं काम. मी त्या पोरांबद्दल वाकडं बोलणार नाही, त्यांच्या हातांना आलेले फोड मी बघितले आहेत. पण प्रेम आलं की आपल्याकडे मागोमाग सिमेंट येतं. भेग दिसली की सिमेंट. पायरी खचली की सिमेंट. जिथे चुना आणि मोकळी जागा लागते तिथे आपण गोणी फोडतो आणि वर लिहितो 'जीर्णोद्धार'. पुतळा, कमान, ओटा, रंग. जे उभं आहे ते कसं उभं आहे, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. विचारणारा द्रोही ठरतो.

मॅडमचा एक दिवस फोन आला. "पत्रक, उद्या द्वारकेला ये." फोन ठेवला. काय, कशाला, काही नाही.

पोळा होऊन गेला होता. गड हिरवागार होता. वळसा घालून आम्ही दरवाजापाशी आलो आणि मॅडम थांबल्या. त्या थांबल्या याचीच मला आधी भीती वाटली. बुरुजाच्या पायथ्याशी सिमेंटचा ओटा होता. त्यावर फरशी, शेंदूर लावलेला एक दगड, मागे झेंड्याचा खांब. आणि ओट्याच्या वर, पुरुषभर उंचीवर, बुरुजाच्या भिंतीला पोट आलं होतं. दगड बाहेर सरकले होते. सांध्यांतून पाणी पाझरत होतं.

"मुंबईहून आलेल्या एका माणसाने फोटो दाखवला मला," मॅडम म्हणाल्या. "मला फोटोत ओटा दिसला नाही आधी. पोट दिसलं."

आत चौकात गुडघाभर पाणी साचलं होतं. वरून येणारं सगळं पाणी भिंतीच्या मागे कोंडलं होतं. भिजलेल्या गहू-बाजरीची गोणी जशी फुगते तशी भिंत फुगत होती. आणखी एक पावसाळा नव्हे, आणखी चार चांगल्या सरी आल्या तरी बुरुज आणि त्याच्या आधाराने उभा असलेला दरवाजा खाली आला असता. राजे गेले, वाडा गेला, तरी हा दरवाजा उभा होता.

"ओटा कुणी बांधला?" मी विचारलं.

"मी," मॅडम म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

त्या संध्याकाळी सटाण्याच्या स्टँडवर बसून मी एक पत्रक लिहिलं. तेव्हा माझं वयच तसं होतं. मॅडमनी ते उभ्याउभ्या वाचलं.

"'हुतात्मा होऊ घातलेला बुरुज'," त्यांनी मोठ्याने वाचलं. "बुरुज कशाला हुतात्मा होईल? 'धर्मांध सिमेंट' म्हणजे काय रे? सिमेंटला धर्म असतो?"

"मॅडम, लोकांना जाग आणायला—"

"लोक जागेच आहेत. त्यांनी दगडातून पाणी येताना बघितलं. कुणी बघितलं नाही ते मी आतून ओतताना. ते मी दाखवायला थांबले नाही." त्यांनी कागद घडी करून माझ्या खिशात ठेवला. "यात शिव्या खूप आहेत. भोक कुठे आहे ते एकदाही लिहिलेलं नाही."

पुढच्या रविवारी ओटा बांधणाऱ्या गटाची पोरं गडावर येणार होती. आम्ही त्यांच्या आधी जाऊन बसलो. म्हणजे मी बसलो. मॅडम दरवाजातून आत-बाहेर करत होत्या. पोरं आली, गावातली माणसं आली, मथुराबाईही आली. केस पार पांढरे झाले होते, काठी तीच. गटाचा पुढारी योगेश नावाचा होता. सटाण्यात मोबाइलचं दुकान, रुंद खांदे, बोलायला गोड. मॅडमनी सांगितलं, ओटा फोडावा लागेल. तो गोडवा लगेच गेला.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, मान्य. पण हे आमचं श्रद्धास्थान हे. ओट्याला हात लागला तर पोरं ऐकणार नाय. लय वाईट होईल."

"हे श्रद्धास्थान नाही."

पोरं पुढे सरकली. मीही पुढे सरकलो. मला वाटलं, आता मारामारी होते. खोटं कशाला, मला ते हवंच होतं.

"तुम्ही ठरवणार का ते?" योगेश म्हणाला.

"हो. कारण इथला देव मीच आहे."

मागून कुणी तरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मथुराबाईकडे बघितलं.

"मावशी, आठवतं? उन्हाळा होता. मी इथे गुडघ्यावर बसले होते. तुम्ही विचारलं, दगडातून पाणी कसं. मी उत्तर न देता पळाले. ते पाणी मी आतून ओतलं होतं. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाटल्यांचं. चूक तुमची नाही, माझी आहे. त्या चुकीवर यांनी ओटा बांधला आणि ओट्याखाली राजाची मोरी बुजली."

मथुराबाई मॅडमच्या जवळ आली. अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं.

"तूच टाकेल व्हतं आठे पानी?"

"मीच."

म्हातारीने ओट्याकडे बघितलं, शेंदराच्या दगडाकडे बघितलं, मग वर भिंतीच्या पोटाकडे. इतकी वर्षं ती त्या दगडाला तेल घालत होती. मला वाटलं ती रडेल, नाही तर शिव्या देईल.

"मंग फोडा ना," ती योगेशला म्हणाली. "देवले कोंडीसन कसाले ठेवतस?"

"आजी, असं कसं—"

"तुन्हं काय जास रे हाई भीत पडनी तं? मन्ह्या बकऱ्या बसतस आठे सावलीमा. फोड."

माणसं हसली. हसल्यावर ताण सैल होतो, तसा झाला. तरी योगेश हलला नाही. मॅडमनी त्याला चौकात नेलं, साचलेलं पाणी दाखवलं, देवडीखालची फट दाखवली. तो पाण्यात उतरला, फटीत हात घालून खूप वेळ चाचपडत राहिला. बाहेर आला. शेंदराचा दगड त्याने स्वतः उचलला, कपाळाला लावला आणि देवडीत नेऊन ठेवला. झेंडा उतरवून एका पोराच्या हाती दिला. मग पहार मागितली.

ओटा फुटायला वेळ लागला. पोरांनी काम मनापासून केलं होतं, सिमेंट पक्कं होतं. भोक मोकळं झालं तरी आधी काही आलं नाही. योगेशने पहार आत सरकवली आणि फिरवली. आतून एक गुरगुर ऐकू आली आणि काळं, कुजकं पाणी एवढ्या जोरात आलं की तो मागे पडला. पोरं ओरडत बाजूला उडाली, चपला वाहून गेल्या. मग चिखल, पानं, मग निवळत जाणारं पाणी. वळशाच्या वाटेने ते खाली धावत गेलं. दरवाजातून आत बघितलं तर चौकातलं पाणी ओसरून देवडीखालची फट उघडी पडली होती.

"मॅडम, पलीकडच्या बुरुजाची पण बघायची का?" योगेशने विचारलं. चेहरा चिखलाने भरला होता.

मी वळून बघितलं. मला खात्री होती की त्या केव्हाच तिकडे पळाल्या असतील.

त्या पळाल्या नव्हत्या. देवडीच्या कडेला ओल्या दगडावर मथुराबाई बसली होती आणि तिच्याशेजारी मॅडम बसल्या होत्या. बाटलीतलं पाणी त्या फटीत हळूहळू ओतत होत्या, बोटाने भिंतीच्या आतली वाट दाखवत होत्या. मथुराबाई काही विचारत होती, त्या सांगत होत्या. तिने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. योगेशने हाक मारली तर मान वर न करता हाताने 'थांब' म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वस्थ बसलेलं पहिल्यांदा बघत होतो.

थोड्याच दिवसांत त्यांची बदली विदर्भात झाली. फोनवर एकदा बोलणं झालं, तेव्हाही त्यांनी विचारलं ते एवढंच, "वाहतंय ना?" दोन-तीन वर्षांनी त्या तिकडेच वारल्या. त्या ओल्या दगडावर बसलेल्या मॅडम हेच मला त्यांचं शेवटचं दर्शन. तो दरवाजा उभा आहे. भिंतीचं पोट अजून तसंच आहे, पण वाढलेलं नाही.

गडाचं नाव लिहिलं नाही, कारण ते लिहिलं तर तुम्ही तिथे जाल. तिथली मोरी बघायला आता योगेश आहे. तुम्ही तुमच्या गडावर जा. भरलेली बाटली घेऊन जा. घोषणा मग द्या, आधी पाणी ओता आणि त्याच्यामागे ओणवे होऊन चाला. ते जिथे सिमेंटला अडेल, तिथे तुमच्या गावातल्या माणसांना घेऊन या आणि उरलेलं पाणी त्यांच्यासमोर ओता. आणि कुणी म्हातारी काठी टेकत येऊन विचारू लागली की हा कसला देव, तर पळू नका. तिच्याशेजारी बसा आणि तिला आतली वाट दाखवा.